टिनाच्या दोन कोठ्या, रिकाम्या

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कारणं हाताशी होतीच. आधी वहिनी होत्या, त्यांना कळलं तर काय वाटेल, हे एक. मग वहिनी गेल्या, तेव्हा आता सांगून कोणाचं भलं होणार, हे दुसरं. पण गेल्या भाद्रपदात वहिनींच्या भाचीकडे नागपूरला महालक्ष्म्यांच्या जेवणाला बसलो होतो. पंगतीत शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, हे मुखवटे जुने आहेत का. दुसऱ्या कोणी उत्तर दिलं, नाही, जुने होते ते आत्यांनी, म्हणजे वहिनींनी, हरवले, हे नंतर आणलेले. मी पुरणपोळी मोडत होतो. मोडत राहिलो. घरी परतलो त्यानंतर मात्र हे लिहून टाकल्याशिवाय चैन पडेना.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी शिकायला रायपूरला आलो तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. भाऊ रेल्वेत फिटर होता आणि बूढ़ापाऱ्यात तलावाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. वहिनी मला पहिल्या दिवसापासून बाबू म्हणाल्या, आणि मी साठीला आलो तरी बाबूच म्हणत. नोकरी लागून मी वेगळा झालो, लग्न झालं, मुलगा झाला, पण महालक्ष्म्या भावाकडेच बसायच्या. मोठ्या घरी देव, हा आमच्याकडचा रिवाज.

ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भाद्रपदात तीन दिवस दोघी बहिणी माहेरी येतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. आमच्या घरी त्यांची धडं म्हणजे टिनाच्या दोन उंच कोठ्या. त्यांना लुगडी नेसवायची, वर पितळी मुखवटे ठेवायचे, दागिने घालायचे. एरवी वर्षभर त्याच कोठ्यांत तांदूळ असायचे. माझी आई म्हणायची की लक्ष्मीला उपाशी ठेवू नये, ती धान्यातच राहिली पाहिजे. म्हणून मुखवटे जुन्या लुगड्यात गुंडाळून तांदळात ठेवले जात, हे मला फार पुढं कळलं. ते काढायचं आणि ठेवायचं काम बायकांचं. दार लावून घेत. आम्ही पुरुष बाहेर ओसरीवर फुलोऱ्याच्या करंज्या दोऱ्यात ओवत बसायचो. मुखवटे कुठून येतात आणि कुठं जातात हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नाही, विचारलंही नाही.

आई गेली, मग भाऊ गेला. वहिनी त्या घरात एकट्या राहिल्या. माझी बायको असेपर्यंत ती आणि वहिनी मिळून महालक्ष्म्या बसवत. बायको गेल्यावर वहिनींनी एकटीनं दोन-तीन वर्षं रेटलं. मग एका उन्हाळ्यात त्या न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर त्यांची भाची दवाखान्यातूनच त्यांना नागपूरला घेऊन गेली. वहिनींनी आपलं घर पुन्हा पाहिलं नाही. घरमालकाला तिथं दुकानांचं कॉम्प्लेक्स बांधायचं होतं आणि त्याला घाई होती. सामान काढायचं काम माझ्याकडे आलं.

माझ्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती. खरं तर होती, मुलाची खोली रिकामीच पडली आहे, पण तो कधीमधी परदेशातून आला तर, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. शहराबाहेर भनपुरीकडे एका जुन्या राइस मिलच्या गोदामात खोल्या पाडून त्यांना शटरं लावली होती. बदलीवर गेलेले अधिकारी, भांडणात अडकलेली कुटुंबं, असे लोक तिथं सामान ठेवत. एक खोली मी भाड्यानं घेतली.

मी सरकारी स्टोअरकीपर होतो. सिंचन खात्यात पाइप, व्हॉल्व्ह, ताडपत्र्या, कुदळी यांची नोंद ठेवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे वहिनींच्या घराची यादी मी खात्यातल्यासारखीच केली. नग, वर्णन, अवस्था. पलंग एक, पाय ढिला. पाटे दोन. शिलाई मशीन, पट्टा तुटलेला. हमाल सामान ट्रकवर चढवत होते आणि मी खुर्चीत बसून लिहीत होतो. कोठ्यांतले तांदूळ त्याआधीच शेजारणीला सांगून वाटून टाकले होते. तिनं वरवरचे काढून नेले असावेत, तळाशी हात घातला नसावा. देवाचं आहे हे तिला माहीत होतं. कोठ्या माझ्यासमोरून गेल्या तेव्हा झाकणं घट्ट होती. मी लिहिलं, टिनाच्या कोठ्या दोन, रिकाम्या.

श्रावण संपत आला तेव्हा वहिनींचा फोन आला. भाचीच्या घरच्यांनी त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसवायला परवानगी दिली होती आणि त्यांचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोकळा वाटत होता. मुखवटे कोणाच्या तरी हाती धाडून दे म्हणाल्या, कोठीत आहेत, तळाशी पाहा. मी बरं म्हणालो.

आता इथं मला आमच्या खात्यातली एक गोष्ट सांगायला हवी. वर्षातून एकदा आमच्याकडे प्रत्यक्ष मोजणी असायची. नियम असा की गोदामाचं कुलूप काढून प्रत्येक नग हातानं मोजायचा आणि मग सही करायची. कोणी करत नसे. आम्ही टेबलावर रजिस्टर उघडायचो, मागच्या वर्षीचा आकडा पुढच्या रकान्यात उतरवायचो आणि खाली लिहायचो, प्रत्यक्ष पाहून खात्री केली. मीही तेच केलं, माझ्या वरच्यांनीही तेच केलं. याला आम्ही गमतीनं टेबलावरची मोजणी म्हणायचो. त्यात खोटं बोलल्यासारखं कधी वाटलं नाही. रजिस्टरमध्ये आहे म्हणजे आहे, नाही म्हणजे नाही.

भनपुरीला जायचं म्हणजे दोन ऑटो बदलायचे. गुडघे दुखत होते. आणि मनात खोलवर असंही होतं, ते आज कबूल करतो, की माझ्या घरी दिवा लावायलाही कोणी उरलं नाही, आणि मी कोणाच्या तरी देव्यांसाठी उन्हात का हिंडायचं. मी यादी काढली, चष्मा लावून ओळ शोधली. रिकाम्या. माझंच अक्षर होतं.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. म्हणालो, "वहिनी, कोठ्या रिकाम्या आहेत. मी पाहिल्या."

मग म्हणाल्या, "तळाशी हात घालून पायलं का रे?"

"हात घालून पाहिलं."

"मंग कुठं ठेवले मी?" त्या स्वतःलाच विचारत होत्या. "माळ्यावर ठेवले काय? घासाले काढले होते बाप्पा एकदा. बाबू, ते घर आहे का अजून?"

घर त्या महिन्यातच पाडलं होतं. ते मी सांगितलं.

त्यानंतर वहिनींच्या मनानं हेच घेतलं की मुखवटे आपण माळ्यावर ठेवले, विसरलो, आणि लक्ष्मी मातीत गेली. मला वाटलं होतं थोडे दिवस हळहळतील आणि नवे आणतील. मी तसं सुचवलंही. त्या म्हणाल्या की देवी बाजारातून येत नसते, सासूनं माझ्या ओटीत घातल्या होत्या, मी कोणाच्या ओटीत घालू. पुढं भाचीच्या फोनवरून एकेक कळत गेलं. महालक्ष्म्यांच्या दिवशी वहिनी जेवल्या नाहीत. शेजारून हळदीकुंकवाचं नाही तरी प्रसादाचं बोलावणं आलं, त्याही घरी गेल्या नाहीत. मी फोनवर समजूत घालायला गेलो तर म्हणाल्या, "ज्याच्या हातून आपला देव गेला, त्यानं दुसऱ्याच्या देवाले हात नाही लावू बाबू."

त्याहून वाईट म्हणजे त्यांनी स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवणं सोडलं. गॅस बंद केला की नाही, गोळी घेतली की नाही, प्रत्येक गोष्ट भाचीला विचारू लागल्या. भाची थकून मला म्हणाली, "काका, आत्या पहिले अशी नव्हती हो. पडल्यानं पायाचं गेलं का डोक्याचं, समजूनच नाही राहिलं." नातेवाइकांतही बोललं जाऊ लागलं की म्हातारीनं कुळाच्या महालक्ष्म्या हरवल्या. कोणी तोंडावर म्हणत नसे. पण कोणाच्या घरी काही वाईट झालं की विषय निघायचा.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी गोदामाच्या मॅनेजरनं मला बोलावलं. मागच्या रांगेचं छप्पर गळत होतं, सामान पुढच्या खोलीत हलवायचं होतं. हमाल जड वस्तू नेत होते, मी हलक्या उचलत होतो. कोठी रिकामी आहे म्हणून मी ती एकट्यानंच कवेत घेतली. आत काहीतरी सरकलं. वाळू सरकते तसा आवाज.

मी ती खाली ठेवली. झाकण हातानं निघेना, किल्लीच्या टोकानं उचकटलं. तळाशी ओंजळभर तांदूळ, त्याला किडे लागून पीठ झालेलं, आणि त्यात एक जांभळं लुगडं. ते मी उलगडलं नाही. वरूनच हात लावला, नाक लागलं हाताला.

हमाल कोठीकडे बोट दाखवून विचारत होता, "बाबूजी, ये भी जाही का?" मी मान हलवली. कोठी पुढच्या खोलीत गेली.

मी त्या दिवशी घरी येऊन फोन करायला हवा होता. फोन हातात घेतलाही. पण मुखवटे सापडले असं सांगायचं म्हणजे कुठं सापडले ते सांगायचं, आणि तळाशी हात घालून पाहिलं होतं असं मी म्हणालो होतो. नोकरीत मी इतक्या सह्या केल्या, त्यातली एकही कोणाला लागली नव्हती. ही लागली होती. मी ठरवलं की थोडं थांबू, काहीतरी रीत सुचेल. त्या थांबण्यात आणखी एक भाद्रपद गेला आणि वहिनी त्या वर्षीही जेवल्या नाहीत.

त्या काळात मी भनपुरीला सारखा जाऊ लागलो. आधी दोन ऑटोंचा कंटाळा करणारा मी, आता आठवड्याला जायचो. शटर वर करायचो आणि वहिनींच्या पलंगावर बसायचो. बाहेर ट्रक जात, आत कोंड्याचा वास असे, मिल बंद होऊन कितीतरी काळ झाला तरी तो गेला नव्हता. मी यादी घेऊन एकेक वस्तूला हात लावून खूण करायचो. पाटे, मशीन, कढया, भावाचा डबा. कोठ्यांपाशी आलो की खूण न करता पुढं जायचो. मॅनेजर हसायचा. एकदा म्हणाला, "अंकल, आप तो सामान से ज़्यादा यहीं रहते हो. खाट डलवा दूँ?" मी म्हणालो, खाट आतच आहे. तो पुन्हा हसला आणि चहा पाठवला. आठवड्यात तेवढंच काय ते कोणाशी बोलणं व्हायचं.

शेवटी रीत सुचली, आणि ती सत्याची नव्हती. मी मुखवटे घरी आणले. रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी गोल बाज़ारात भांड्यांना पॉलिश करणाऱ्याकडे दिले. तो म्हणाला, बाहेरून नवे करून देतो, आत हात पोचत नाही. मला बाहेरूनच हवे होते. नव्या खोक्यात, नव्या लाल कापडात बांधून मी सकाळच्या गाडीनं नागपूरला गेलो. राजनांदगाव, गोंदिया, सगळी वाट खोकं मांडीवर होतं. डब्यातल्या एका बाईनं विचारलं, काही मिठाई आहे का, आणि मी हो म्हणालो. त्या प्रवासात मी ठरवत होतो की खोकं पुढं ठेवायचं आणि सरळ सांगायचं. भंडारा मागं पडेपर्यंत वाक्यं तयार होती.

वहिनी खिडकीपाशी पलंगावर बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, किती बारीक झाला रे बाबू, खात नाही, का कोणी करून घालत नाही. भाची पाणी घेऊन आली. मी खोकं उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "वहिनी, तुम्हाला नको असलं तरी मी नवे मुखवटे आणले. गोल बाज़ारात मिळाले. चांगलं पितळ आहे."

भाची खूश झाली. वहिनींनी ज्येष्ठेचा मुखवटा घेतला, पाहिला, मांडीवर ठेवला. मग कनिष्ठेचा घेतला. तो त्यांनी उलटा केला आणि आतून, नाकाच्या जागी, अंगठा फिरवला.

माझ्या लक्षात आलं. कनिष्ठेच्या नथीचं भोक कधीतरी फाटलं होतं आणि भावानं ते घरीच आतून कथलाचा डाग देऊन सांधलं होतं. भावाचा डाग सुबक नसायचा. घरातल्या कित्येक भांड्यांवर तसा ओबडधोबड मणी असे. मी मुखवटा गुंडाळताना तो पाहिला होता आणि तरी पॉलिशवर भरवसा ठेवला होता. त्या मात्र वर्षानुवर्षं बंद दाराआड हाच मुखवटा पुसत आल्या होत्या.

अंगठा तिथंच थांबला. मग त्या म्हणाल्या, "दुकानदारानं तुले जुना माल देल्ला बाबू."

"काय झालं आत्या?" भाचीनं विचारलं.

"काही नाही. म्हटलं पितळ चांगलं आहे. जा, कुकर लाव, याले भूक लागली असंन."

भाची आत गेली. खोलीत आम्ही दोघं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही, मुखवट्याकडेच पाहत होत्या. "कुठं भेटलं रे हे दुकान?"

त्यांनी दार उघडून धरलं होतं. मी फक्त आत यायचं होतं. आज लिहिताना ते इतकं स्वच्छ दिसतं. पण मी म्हणालो, "गोल बाज़ारातच. मागच्या गल्लीत. भावात सूट दिली त्यानं."

त्या थोड्या हसल्या. "बरं झालं," म्हणाल्या. "भेटलं ना."

त्या वर्षी महालक्ष्म्या बसल्या. मी गेलो होतो. वहिनी खुर्चीत बसून भाचीला सांगत होत्या, पदर असा काढ, फुलोरा जरा वर बांध. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं त्यांच्या तोंडी हुकमावर झालं. गॅसचं त्यांनी एकदाही विचारलं नाही. जेवायलाही बसल्या. लोक येत होते, मुखवटे छान आहेत म्हणत होते, आणि वहिनी प्रत्येकाला सांगत होत्या की जुने माझ्या हातून गेले, हे बाबूनं नवे आणून दिले. ते सांगताना त्या माझ्याकडे पाहत नसत. नातेवाइकांनी माझी पाठ थोपटली. एक मेहुणा म्हणाला, "दीर असावा तर असा." मी ताटातल्या आंबिलीत बोट फिरवत होतो.

मला वाटलं होतं, पुढच्या खेपेला बोलू. फोनवर असं बोलता येत नाही. पुढच्या भाद्रपदात त्यांनी बोलावलं, येजो म्हणाल्या, आणि मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. भाचीचा फोन आला तेव्हा गाडी गाठेपर्यंत उशीर झाला होता. तेराव्याला मी फोटोसमोर उभा राहिलो. मागं कोणीतरी म्हणत होतं, बिचारी, तेवढी एक चूक झाली तिच्या हातून, पण दिरानं सावरून घेतलं. मी वळून काही बोलेन असं मला वाटलं. नाही बोललो. भाचीनं पान वाढलं आणि मी बसलो.

मुखवटे भाचीकडेच आहेत. ज्या घरी सवाष्ण आहे त्या घरी राहू दे, असं वहिनी सांगून गेल्या. सामान अजून भनपुरीला आहे. भाची म्हणते काका, देऊन टाका कोणाला. मॅनेजर बदलला, नवा मला ओळखत नाही, प्रत्येक वेळी नाव विचारतो. मी शटर वर करतो, पलंगावर बसतो. आता यादी नेत नाही. झाकण असलेली प्रत्येक वस्तू उघडून पाहतो आणि परत लावतो. सांगायचं ते कोणाला सांगायचं हे तिथं बसून समजत नाही. म्हणून इथं, भाचीसाठी, त्या पंगतीतल्या बाईंसाठी आणि सगळ्या नातेवाइकांसाठी लिहितो की मुखवटे हरवले नव्हते. ते वहिनींनी सांगितलं तिथंच होते. त्यांची आठवण शेवटपर्यंत शाबूत होती.

आणि वहिनी, तुम्ही विचारलंत तेव्हा म्हणायचं होतं ते हे. दुकान नव्हतं. कोठी मी उघडलीच नव्हती. तुमच्या हातून काही गेलं नाही, मी खोटं बोललो, आणि सापडल्यावरही तुम्हाला उपाशी राहू दिलं. माझं चुकलं. मला माफ करा.